आबारावांचा साबण आणि माझा नाका

वालूरहून कुणी परभणीला आलं की आपलं काम करायच्या आधी आमच्या घरी यायचं आणि पिशवीतून लोकशाही साबणाच्या दोन वड्या काढून माझ्यासमोर ठेवायचं. कोर्टाच्या तारखेला आलेला असो, पोरीसाठी स्थळ बघायला आलेला असो की दवाखान्यात आलेला असो, आबारावांचा तसा दंडकच होता. वड्या घेतल्याशिवाय ते गावच्या माणसाला मोटारीत चढू देत नसत म्हणे. यंदाच्या आषाढात त्यांचा पुतण्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हा त्याचे दोन्ही हात मोकळे होते. मी त्याला बसदेखील म्हणालो नाही. "कधी?" एवढंच विचारलं. "काल सांजच्याला," तो म्हणाला. "काका जेवायला बसले व्हते. मीठ कमी हाय म्हनले. काकी मीठ आनायला उठली, तवर..." मीठ कमी पडलेलं खपवून न घेता गेले, हे मात्र आबारावांना शोभणारंच झालं.

त्यांच्यावर मी लिहावं याचं आमच्या भागातल्या जुन्या माणसांना नवल वाटेल. आबारावांनी निजामाच्या अमलात वऱ्हाडच्या शिवेवरचा करोडगिरी नाका जाळला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. सभांमधून ते सांगितलं जातं, शाळेच्या संमेलनात मुलं ते करून दाखवतात. त्या करून दाखवण्यात मिशा लावलेला एक दुष्ट नाकेदार असतो आणि तो शेवटी धोतर सावरत पळतो. तो नाकेदार म्हणजे मी. मला मिशा कधीच नव्हत्या, आणि मी पळालोही नव्हतो. का पळालो नाही ते पुढं येईलच.

नव्या पिढीला करोडगिरी म्हणजे काय हे सांगावं लागतं, म्हणून सांगतो. हैद्राबाद हा तेव्हा स्वतःला वेगळा देश म्हणवणारा मुलूख होता. सिक्का वेगळा, टपालाचं तिकीट वेगळं, आणि शिवेवर येणाऱ्याजाणाऱ्या मालावर महसूल घेणारं खातं ते करोडगिरी. जिंतूरच्या वर डोंगर चढून गेलं की रस्त्यावर एक आडवा दांडा, शेजारी पत्र्याच्या छपराची लाकडी कचेरी, आणि कचेरीत मी. दांड्याच्या अलीकडं आमची माणसं, पलीकडं वऱ्हाडातली. भाषा एक, देव एक, ज्वारी एक. इकडच्या लेकी तिकडं दिलेल्या आणि तिकडच्या इकडं. त्यामुळं लग्नसराईत माझ्यावर जो प्रसंग यायचा तो हैद्राबादच्या वरिष्ठांना कधी कळला नाही. लग्नाचं वऱ्हाड तिकडून परत यायचं, आणि मला भांडी, कापड, रुखवतातले लाडू बघत बसावं लागायचं. एकदा एका वरमाईनं तावातावानं विचारलं, "सून बी तिकडूनच आनली, तिच्यावर काय लावायलाव?" मी कायद्याचं पुस्तक चाळून पाहिलं. सून त्यात नव्हती.

आबारावांची आणि माझी ओळख त्या दांड्यावरच झाली. घरची शेती भावावर सोडून त्यांनी वालूरला साबणाचा कारखाना काढला होता. कारखाना म्हणजे एक लांबट पत्रा, चुलाणावर दोन कढया, लाकडी साचे, आणि वड्या कापायला गावातल्या सातआठ बाया. साबणाला लागणारं तेल आणि कास्टिक सोडा वऱ्हाडातून यायचं, त्यामुळं त्यांची गाडी वरचेवर माझ्यासमोर थांबायची. महसुलाचं नाव काढलं की ते तापायचे. निजामापासून सुरुवात करून माझ्यापर्यंत सगळ्यांना नावं ठेवायचे, घाम पुसायचे, आणि मग माझ्याच माठातलं पाणी प्यायचे. मी एकदा त्यांना शांतपणे समजावून सांगितलं. म्हटलं, आबाराव, तुमच्या तेलावर मी घेतो तो महसूल थोडा आहे. मुंबईच्या साबणावर घेतो तो भारी आहे. त्यामुळं मुंबईचा साबण इथं महाग होतो आणि तुमचा खपतो. हा दांडा आहे म्हणून तुमची कढई आहे. त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "नाकेदार, तुमी शिकलेले मानसं लय गुलामीचं बोलता." आणि रागारागानं गाडी हाकली. महसूल मात्र भरला होता.

त्यांच्या साबणाबद्दल खरं बोलायला हवं, कारण ते स्वतः शेवटी खरं बोलले. त्या साबणाला फेस येत नसे. थोडा यायचा, जरा यायचा, असंही नाही. घासणाऱ्याचा हात भरून यायचा, पण फेस यायचा नाही. ताडकळसच्या बाजारात बाया तक्रार करायच्या, तेव्हा आबाराव स्वतःचं उपरणं काढून परातीत घासून दाखवायचे. फेस आला नाही की परात उचलून पाण्याकडं संशयानं बघायचे आणि म्हणायचे, "साबनाला बोल लावू नगा. इतलं पानी जड हाय." दुसऱ्या बाजाराला ते पाणी दुसऱ्या विहिरीचं आणायचे. ते पाणीही जड निघायचं. महसुलाच्या वादात माझ्या तोंडाला फेस आणणाऱ्या या माणसाला साबणाला तेवढा फेस कधी आणता आला नाही.

सत्तेचाळीस साल उजाडलं, हिंदुस्थान स्वतंत्र झाला, आणि आमचा दांडा तसाच आडवा राहिला. तेव्हा आबाराव कारखाना बायकोवर सोपवून शिवेपलीकडं निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या कॅम्पात गेले. पुढच्या वर्षी एका दुपारी मी भाकरीचं फडकं सोडून जेवायला बसलो होतो. बाहेर घोषणा झाल्या आणि दारात आबाराव उभे राहिले. मागं दहाबारा तरुण. खांद्यावर बंदूक होती, पण ती त्यांना पेलत नव्हती, दर थोड्या वेळानं घसरत होती. माझा शिपाई मागच्या दारानं पसार झाला होता. आबाराव म्हणाले, "नाकेदार, बाहेर या. भाकरी पन घेऊन या, चटनी इसरू नगा." माझी वळकटी, माझा तांब्या, माझा फेटा त्यांनी पोरांकरवी बाहेर काढवला. खुर्चीसुद्धा बाहेर आणली आणि मला तीवर लिंबाखाली बसवलं. खुर्चीवर बसलेला माणूस पळणार कसा, हे मुलांचं नाटक बसवणाऱ्यांनी मला एकदा सांगावं.

मग जाळायची तयारी सुरू झाली, आणि रॉकेल कुणीच आणलेलं नाही असं ध्यानात आलं. प्रत्येकाला वाटलं होतं की दुसऱ्यानं आणलं असेल. एका पोरानं आत जाऊन पाहिलं, तर कोपऱ्यात महसूल न भरल्यामुळं अडकून पडलेले तेलाचे डबे. ते त्यांनी आनंदानं कचेरीभर ओतले. काडेपेटी आमच्याच मुलखात बनलेली असल्यामुळं बऱ्याच काड्या ओढाव्या लागल्या. पण एकदा पेटल्यावर नाका असा पेटला की शिवेपलीकडच्या गावातली माणसं बघायला आली. आबाराव कमरेवर हात ठेवून समाधानानं बघत होते. मधेच त्यांनी हवा हुंगली. पुन्हा हुंगली. मग सावकाश माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "नाकेदार... ते डबे कुनाचे व्हते?" मी घास गिळला आणि म्हणालो, "तुमचेच. तुम्ही कॅम्पात गेलात, सोडवायला कुणी आलं नाही." त्यांचा चेहरा उतरला. मग ते हसायला लागले. इतके हसले की बंदूक खाली पडली. "जाऊ द्या," म्हणाले, "घरचं तेल हाय म्हनूनच एवढं साजरं जळायलंय." त्या क्षणी हा माणूस मला आवडला. ज्याची कचेरी जळते आहे त्यानं असं म्हणू नये, पण आवडला.

पोलीस ॲक्शन झाली, निजाम नमला, आणि आबाराव हार घालून गावी परतले. त्यांच्या साच्यावर पूर्वी 'शाही साबण' असं कोरलेलं होतं. त्यांनी सुताराला बोलावून 'शाही'च्या आधी फक्त 'लोक' ही दोन अक्षरं कोरून घेतली. वड्या त्याच, कढई तीच, फेस न येणं तेच. पण लोकशाही साबण म्हणून त्याला असा खप आला की बाया वाढवाव्या लागल्या. नाव बघून लोकांनी अभिमानानं घेतला आणि अभिमानानंच तासन्‌तास घासला.

आणि इकडं नाका पुन्हा बांधला गेला. आपल्याच सरकारनं बांधला, जुन्या जागी, आणि खुर्ची जळाली नसल्यामुळं त्याच खुर्चीवर मला बसवलं. आबाराव बघायला आले ते अंगात आल्यासारखेच आले. "आपलंच राज्य, मग आपल्याच शिवेवर दांडा कशाला?" मी सांगितलं की संस्थानाचा कारभार बराचसा या महसुलावर चालतो. एकदम सोडला तर शाळामास्तरांचे पगार थांबतील, म्हणून सावकाश सोडायचा आहे. त्यांना पटलं नाही. पण पुढं त्यांचा सत्कार नाक्याजवळच ठेवला गेला, वऱ्हाडातून झेंडूचे हार करंड्या भरून आले, आणि मी त्या करंड्या दांड्याशी थांबवल्या, तेव्हा पुढारी माझ्यावर धावून आले. आबाराव मात्र पुढं होऊन म्हणाले, "थांबा, त्याचं काम हाय ते. नाकेदार, बघा कायद्यात झेंडू हाय का." झेंडू कायद्यात नव्हता. सत्कार झाला.

त्या वर्षांत आमचा खरा स्नेह जमला. ते माल आणायला आले की माझ्याकडं मुक्काम करायचे, आणि आम्ही दोघं दांड्याच्या दोन बाजूंना बाज टाकून भांडायचो. त्यांच्या पत्नी, सरूवहिनी, वऱ्हाडातल्या. दिवाळीला माहेराहून परतताना त्यांच्या डोक्यावर लाडवांची पाटी असायची. माझ्यासमोर पाटी उतरवून त्या मला दोन लाडू द्यायच्या. लाडू छान असायचे, पण त्यांना चंदनाचा वास यायचा. मी काय समजायचं ते समजायचो. कायद्यात लाडू होते, पण माहेरची पाटी नव्हती, आणि जे कायद्यात नाही त्याला मी कधी हात लावला नाही.

पुढं एका वर्षी बातमी आली की आता नाके खरंच उठणार. आमच्याकडचे छोटे कारखानदार घाबरले. त्यात पुढं होते ते काडेपेटीवाले शेठजी, ज्यांच्या काड्यांविषयी वर आलंच आहे. हैद्राबादहून मोठे साहेब परभणीला येऊन सगळ्यांचं म्हणणं ऐकणार होते. शेठजींनी हुशारी केली. सगळ्यांच्या वतीनं बोलायला आबारावांना उभं करायचं ठरवलं. ज्यानं नाका जाळला तोच ठेवा म्हणाला, तर सरकारला ऐकावंच लागेल. आबाराव हे ऐकून माझ्याकडं आले, तेव्हा त्यांचा चेहरा ओळखू येत नव्हता. "नाकेदार," म्हणाले, "कारखान्यातल्या बाया रडायलात. त्यातल्या तिघीला तर दुसरं कोनीच न्हाई. आन्‌ मी तिथं उभं राहून म्हनू, की नाका ठेवा? मी?" मी त्यांना धीर दिला. माझंही पोट त्या दांड्यावरच होतं, ते मी लपवलं नाही. चार दिवस बसून मी त्यांना बोलणं शिकवलं. लहान धंद्याला उभं राहायला वेळ लागतो. मुंबईच्या मोठ्या गिरणीपुढं गावची कढई टिकत नाही. हळूहळू सोडा, पाच वर्षं द्या. हे सगळं खरं होतं आणि आजही मला खरंच वाटतं. त्यांनी ते पोपटासारखं पाठ केलं. निघताना सरूवहिनी म्हणाल्या, "नीट बोला. तुमच्या मागं किती चुली हायत ते ध्यानात असू द्या."

साहेब भले होते. मराठी त्यांना समजत होतं. शेठजी आणि इतर सगळे ओळीनं बसलेले, मागं आम्ही. आबाराव उभे राहिले, पहिली दोन वाक्यं माझी बोलले, आणि थांबले. साहेबांनी विचारलं, "आबाराव, आपणच ना तो नाका जाळला होता?" टोचून नव्हे, आदरानं विचारलं. आबारावांनी फेटा काढून हातात घेतला. मी डोळे मिटले.

"व्हय साहेब," ते म्हणाले. "माझंच तेल ओतून जाळला. आता तुमाला खरं सांगतो. माझ्या साबनाला फेस येत न्हाई. पानी जड हाय म्हनतो मी, पन पानी चांगलं हाय. माझी बायको माहेराहून लाडवाच्या पाटीत मुंबईचा साबन लपवून आनती. दर साली आनती. ती न्हाऊन आली की मला वास येतो, आन्‌ मी गप बसतो. माझाच नाका माझ्या घरात कुनी पाळंना, तर मी तो दुसऱ्याच्या लेकीबाळीवर कसा लादू? माझी कढई चालावी म्हनून साऱ्या मुलखानं वाईट साबनानं अंग घासायचं, तर निजाम काय वाईट व्हता? उठवा साहेब. माझ्या बायांचं काय ते मी बघतो, जमलं तर तुमी बी बघा. पन नाका उठवा."

शेठजी उठले आणि तरातरा बाहेर गेले. ते पुढं आबारावांशी मरेपर्यंत बोलले नाहीत. सरूवहिनींच्या पाटीची गोष्ट भर सभेत फुटली, त्याचा निवाडा घरी व्हायचा तो झाला. त्याबद्दल आबारावांनी मला कधीच काही सांगितलं नाही. आणि यातला विनोद असा, की नाके उठवायचा हुकूम आधीच निघालेला होता. साहेब नुसतं ऐकून घ्यायला आले होते. आबाराव काहीही बोलले असते तरी दांडा जाणारच होता. हे त्यांना कळलं तेव्हा मी घाबरत घाबरत त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. ते म्हणाले, "बरं झालं. न्हाईतर माझ्या बोलन्यानंच ठेवला असता तर?"

नाका उठला त्या दिवशी दांडा उचलताना आबाराव आणि मी, दोघंच होतो. शिपायाची बदली आधीच झालेली. दांडा बाजूला ठेवतो न ठेवतो तोच घाटाखालून गड्यानं हाकत आणलेली आबारावांची गाडी आली, लोकशाही साबणानं काठोकाठ भरलेली. ही कुठं निघाली म्हणून मी विचारलं. ते म्हणाले, "मुंबईचा साबन इकडं यायलाय, तर आपला तिकडं का जाऊ नये? रस्ता दोन्हीकडून मोकळा झाला न्हाई का?" आणि माझ्या खात्यानं इतकी वर्षं अडवून धरलेली ती शीव ओलांडून ते वऱ्हाड जिंकायला गेले. आठ दिवसांनी परत आले, गाडी तशीच काठोकाठ. काय झालं म्हणून विचारलं, तर गंभीरपणे म्हणाले, "तिकडलं पानी बी जडच हाय." आम्ही रस्त्यातच बसून हसलो. त्यांचे डोळे मात्र ओले होते, आणि ते हसण्यानं ओले झालेले नव्हते.

कढया थंड झाल्या. बायांना त्यांनी शेतावर लावून घेतलं, पण शेत किती पुरणार. दोघीतिघी पुढं उसाच्या तोडीवर गेल्या आणि दर साली जात राहिल्या. आबारावांना हे शेवटपर्यंत लागून होतं. दुसऱ्या बाजूला, कापूसवाल्यांचा माल विनाअडथळा वऱ्हाडच्या बाजारात जायला लागला, त्यांची घरं सावरली. राणीसावरगावपर्यंतच्या पोरींच्या अंगाला चंदनाचा वास यायला लागला. कुणाचं भलं झालं आणि कुणाचं वाईट, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. दांडा जायला हवा होता यात शंका नाही. फक्त तो ज्यांच्या डोक्यावर पडतो त्यांना आधी बाजूला घ्यायला हवं, आणि ते कुणी घेतलं नाही, एवढंच मला म्हणायचं आहे. माझी रवानगी विक्रीकरात झाली. तिथंही मी कायद्यात असेल तेवढंच घेतलं.

छप्पन साली आमचा मुलूख आणि वऱ्हाड एकाच राज्यात आले, आणि यंदा महाराष्ट्र झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी आबाराव परभणीला आले होते. तीच आमची शेवटची भेट. जेवण झाल्यावर सुपारी कातरत म्हणाले, "आता शीव कुटंच उरली न्हाई, नाकेदार. आता आपन भांडावं तरी कशावर?" मी म्हटलं, साबणावर भांडू. तर म्हणाले, "तेवढा मातर सरंना. खोली भरून पडलाय. तुमी तरी वापरायलाव ना?" मी म्हटलं, रोज. ते खूश झाले. जाताना माझा हात हातात घेऊन जरा वेळ उभे राहिले, तसे ते कधी राहत नसत.

तेराव्याला वालूरला गेलो. सरूवहिनी ओसरीच्या कोपऱ्यात बसल्या होत्या. मी जवळ जाऊन बसलो, आणि मला चंदनाचा वास आला नाही. त्यांना ते कळलं असावं. खाली बघत म्हणाल्या, "आता त्यांचाच वापरते, भावजी. फेस येत न्हाई, पन सरत बी न्हाई..." आणि पदर तोंडाला लावला. निघताना त्यांनी माझ्या पिशवीत दोन वड्या घातल्या. मी त्या मोटारीत मांडीवर धरून आणल्या.

आमच्या घरी सुना आहेत, नाती आहेत. त्या बाजारातून रंगीत कागदातले साबण आणतात, आणि ते साबण न्हाणीघराच्या उंबऱ्याबाहेर, खिडकीच्या फळीवर ठेवलेले असतात. सगळ्या जणी तिथून उचलून आत नेतात आणि न्हाऊन झालं की पुन्हा बाहेर आणून ठेवतात, कारण आतल्या कोनाड्यात फक्त लोकशाही साबण राहील असा मी हुकूम काढलेला आहे. परवा धाकटी नात आपली गुलाबी वडी आत विसरून आली. मी तिला हाक मारून परत पाठवलं. ती कुरकुरत म्हणाली, "आजोबा, आता कुठंच नाका नाही, मग आपल्याच घरात का?" मी तिला सांगितलं की कोनाड्यातली वडी सरली की हाही उठवीन. ती आत गेली, वडी हातात घेऊन नीट निरखली, आणि बाहेर येऊन म्हणाली, "ही तर सरायचीच नाही."